निकडीचा आकडा

तोर्नव्हिकच्या विमानतळावरून शहरात जायला एकच वाट होती, आणि ती वाट कुणाला केव्हा मोकळी करायची हे ज्याच्या त्याच्या नाडीवरून ठरत असे. हेमांगी चौगुलेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की विमान उशिरा उतरलंय आणि दुपारी बाराच्या सुमारास तिच्या मुलीला, शर्वरीला, ऑपरेशनसाठी आत नेणार आहेत.

शर्वरीच्या मेंदूत डाव्या बाजूला, बोलण्याचा कारभार जिथून चालतो त्याच्या अगदी लगत, गाठ निघाली होती. गाठ काढता येईल असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतर तिला बोलता येईल का, आणि आलं तर कितपत, याबद्दल मात्र त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. हे कळलं त्या दिवशी तिनं सांगलीला फोन केला. गेली कित्येक वर्षं मायलेकींचं बोलणं दिवाळी आणि वाढदिवसापलीकडे जात नव्हतं. शर्वरी म्हणाली, "आई, तू ये. फोनवर नको. फोनवर तू कामावर असल्यासारखी वाटतेस. मला तुझ्यासमोर बसून बोलायचंय, बोलता येतंय तोवर."

हेमांगी तेव्हाही नेहमीच्या आवाजात म्हणाली होती, "येते."

विमानतळ समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला होता आणि शहर खाडीपलीकडे. खाजगी गाड्यांना शहरात बंदी होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे बाहेर टॅक्सी नव्हत्या, रांगा नव्हत्या, हातात पाटी धरून उभी असलेली माणसंही नव्हती. सामान घेऊन बाहेर पडताना तिच्या मनगटावर एक पातळ पट्टी बसवली गेली आणि कानात वाटाण्याएवढं यंत्र. ते मराठीत बोलू लागलं. पाठ्यपुस्तकातलं मराठी, कुठल्याच गावचं नाही. कुठे जायचं ते त्यानं विचारलं. हेमांगीनं इस्पितळाचं नाव सांगितलं, घाई आहे हेही सांगितलं. पट्टीवर एक आकडा उजळला. नऊ.

"आपण निवांत आहात," कानातला आवाज म्हणाला. "आपल्यासाठी किनाऱ्यालगतचा रम्य मार्ग निवडला आहे."

फलाटावर गाड्यांचे क्रमांक नव्हते, वेळापत्रक नव्हतं. चार-चार माणसांचे काचेचे डबे येत, एकमेकांना जोडले जात, पुढे जाऊन सुटे होत. तिच्यासमोर उभं राहिलेलं दार तिच्यासाठीच उघडलंय हेसुद्धा आवाजानं दोनदा सांगितल्यावर तिला कळलं. ती आत बसली. डबा इतका हळू निघाला, की बाहेरच्या कठड्यावर बसलेले समुद्रपक्षी जागचे हलले नाहीत.

डब्यात आणखी एकच बाई होती. चाळिशीची, दंडाशी आवळलेला निळा कोट, मांडीवर जेवणाचा डबा. नाव दोरोता. विमानतळाजवळच्या हॉटेलात ती खोल्या आवरायची आणि पाळी संपवून घरी निघाली होती. ती आपल्या भाषेत बोलली, की कानातलं यंत्र ते मराठीत करून सांगे. हेमांगीनं तिला विचारलं, की इस्पितळ गाठायला किती वेळ लागेल. दोरोतानं तिच्या पट्टीकडे पाहिलं आणि नऊ आकड्यानं तीन तास तरी लागतील असं सांगितलं. मग हेमांगीला काहीच माहीत नाही हे लक्षात आल्यावर तिनं सगळं समजावून दिलं.

पूर्वी या शहरात ठरलेल्या मार्गांच्या गाड्या होत्या. मग हे डबे आले, ज्याला हवं तिथे थेट नेणारे. पण खाडीवरचा पूल एकच होता आणि त्यावर कुणाला आधी सोडायचं हा प्रश्न उरलाच. सुरुवातीला प्रवाशांनाच विचारत, घाई आहे का. सगळेच हो म्हणत. तेव्हा तिथल्या काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की खरी निकड शरीरात दिसते. माणूस मनापासून घायकुतीला आला, की त्याच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एका विशिष्ट तऱ्हेनं आखडतं, तळहाताच्या त्वचेतून वीज जरा सहज वाहू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात, आवाजाच्या तळाशी बारीक कंप येतो. यातलं एकेक लक्षण फसवं असतं, पण सगळी एकत्र मोजली तर सोंग वठवणं जवळजवळ अशक्य. पट्टी, कानातलं यंत्र आणि जागोजागचे कॅमेरे हे सगळं मोजून शंभरपैकी एक आकडा काढीत, आणि त्यालाच लोक निकड म्हणत. ज्याची निकड मोठी त्याच्या डब्याला पूल आधी. कोण कुठे निघालाय हे यंत्र बघत नसे, कारण इस्पितळाचं नाव सांगून बाजारात जाणारे लोक त्यांनी पाहिलेले होते. पैसा चालत नाही, ओळख चालत नाही, याचा शहराला मोठा अभिमान होता.

हे ऐकता ऐकता हेमांगीला आपली अडचण स्वच्छ समजली. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचे ठोके अधूनमधून बेताल व्हायला लागले होते. तेव्हापासून ती रोज सकाळी एक गोळी घेत होती. त्या औषधाचं काम एवढंच, की शरीरानं धाडलेला भीतीचा निरोप हृदयाच्या दारातच अडवायचा. तिची छाती धडधडत नसे, हात कापत नसे. आणि आवाजाचं म्हणाल तर तो तिनं स्वतःच घडवला होता. निवृत्त होईपर्यंत ती सांगलीत रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. पलीकडे कुणी टाहो फोडत असलं तरी तिचा आवाज सपाट राही, आणि त्या सपाट आवाजाला धरून लोक भानावर येत.

आज ती मनातून पुरती घाबरली होती, आणि पट्टीवर नऊच्या जागी आठ दिसत होतं.

तिनं प्रयत्न करून पाहिले. उभी राहून जागच्या जागी पावलं आपटली, दंड चोळले. आकडा बारावर गेला आणि परत खाली आला. धावण्याची धाप आणि भीतीची धाप यंत्राला वेगळी कळत होती. मग तिनं डोळे मिटून नको नको ते मनात आणलं: शर्वरी, डोक्याला पट्ट्या, तोंड उघडतंय आणि शब्द येत नाही. डोळ्यांतून पाणी आलं. आकडा अकरा.

पुलाच्या अलीकडे त्यांचा डबा बाजूच्या रुळावर घेतला गेला. मागून येणारे डबे सूं करत पुढे निघून जाऊ लागले. त्यांतल्या एकात एक तरुण दिसला. नवा कोट, ओठ चावत बसलेला, काचेवर लखलखणारा आकडा शहाऐंशी. दोरोता म्हणाली, त्याची मुलाखत असेल, नाहीतर साहेबाची भीती. रोज असे शेकड्यानं जातात. भीती त्यांची खरीच असते, फक्त ती कशाची आहे हे कुणी विचारत नाही.

तेवढ्यात योहानचा फोन आला. योहान म्हणजे शर्वरीचा नवरा. तो हेमांगीला आईच म्हणायचा, आणि त्याची मराठीची मजल तिथेच संपायची. त्यानं इंग्रजीत सांगितलं, की आधीच्या रुग्णाचं ऑपरेशन पुढे ढकललंय, म्हणून शर्वरीला तासाभरातच आत नेतील. डॉक्टरांना थांबायला सांगून झालंय, ते थांबू शकत नाहीत. हेमांगीनं आपण कुठे अडकलोय ते सांगितलं. तिचा आवाज जराही हलला नाही. मग योहाननं फोन शर्वरीला दिला.

"आई, नसेल जमत तर असू दे," ती म्हणाली. "तू नको घाबरू. म्हणजे, तू घाबरत नाहीसच म्हणा."

हेमांगी काही बोलणार एवढ्यात शर्वरीला तपासायला कुणीतरी आलं आणि फोन बंद झाला.

डब्याच्या दाराशेजारी मदतीसाठी एक बटण होतं. हेमांगीनं ते दाबलं. पलीकडे यंत्र नव्हतं, एक तरुण बाई होती. तिनं नाव विचारलं, डब्याचा क्रमांक विचारला, अडचण विचारली. हेमांगीनं मुलीचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. त्या बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की आकडा हातानं बदलायची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. कुणा कर्मचाऱ्याला ते जमू लागलं तर उद्या वशिला सुरू होईल. औषधांमुळे काहींची निकड कमी दिसते ही तक्रार वर पोचलेली आहे. आणखी काही मदत हवी आहे का?

त्या आवाजात खोट नव्हती, तुसडेपणाही नव्हता. हेमांगीला तो आवाज चांगलाच ओळखीचा होता. एकदा दुपारच्या पाळीला तिनं फोन उचलला आणि पलीकडून "आई" अशी हाक आली. तिचा नवरा मकरंद जेवता जेवता कोसळला होता आणि सोळा वर्षांच्या शर्वरीनं रुग्णवाहिकेला फोन लावला होता. तो नेमका आईनंच घेतला. हेमांगीनं विचारलं, श्वास चालू आहे का. छातीवर हात कुठे ठेवायचे, किती जोरानं दाबायचं ते सांगितलं. गाडी घरी पोचेपर्यंत ती त्याच आवाजात सांगत राहिली. मकरंद वाचला नाही. तेराव्यानंतर शर्वरी एकदाच म्हणाली होती, "एकदाही मला शरू म्हणाली नाहीस." त्यानंतर त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत, आणि हळूहळू बाकीच्याही गोष्टींबद्दल बोलेनाशा झाल्या.

आज शर्वरीला समोर बसवून तेच विचारायचं असणार, याबद्दल हेमांगीला शंका नव्हती.  न पोचणं हे सगळ्यात वाईट उत्तर झालं असतं.

दोरोता तिच्याकडे बघत होती. मग तिनं कोटाच्या आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक पिवळसर चकती काढली. कामाला जाताना ती अशी एक जिभेखाली धरायची. तिच्या गल्लीतले निम्मे लोक धरायचे. यंत्राला चकवायला सोंग नव्हे, खरीच भीती लागते ना, मग ही खरीच भीती करते. छाती उडते, हात गार पडतात, मनात काही नसताना मरण आल्यासारखं वाटतं. कामावर वेळेवर पोचायचं तर रोज एवढं सोसायचं. विकायला बंदी होती, पण मिळत होती.

"तुमचं हृदय ठीक आहे ना?" दोरोतानं विचारलं. "ज्याचं ठीक नाही त्यानं घ्यायची नसते. आमच्या इमारतीत एकजण गेला."

मदतीच्या बटणाशी हेमांगी गोळीबद्दल बोलली तेव्हा दोरोता फोनवर घरी बोलत होती, तिनं ते ऐकलं नव्हतं. हेमांगीला तिच्या डॉक्टरांचे शब्द आठवत होते. सर्दीचं साधं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. ठोके एकदा सैरावैरा झाले तर हृदयात रक्त साकळतं, आणि ती गुठळी वर मेंदूत जाते. असे फोन तिनं स्वतः घेतले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि चकती जिभेखाली ठेवली.

चव कडू होती, जुन्या पितळेसारखी. बराच वेळ काही झालं नाही. रोजच्या औषधानं हृदयाचं पुढचं दार लावून घेतलं होतं, पण ही चकती मागच्या दारानं शिरणारी होती. आधी बोटांची टोकं गार पडली. मग छातीत एक ठोका चुकला, त्यापाठोपाठ तीन एकदम पडले, आणि मग सगळं उधळलं. काचेपलीकडचं पाणी अंगावर आल्यासारखं वाटलं. आपण आत्ता इथे, या डब्यात, कुणाला आपलं नावही नीट घेता येणार नाही अशा गावात मरणार आहोत, असं तिला वाटलं. पट्टीवर चौतीस आलं. एकोणसाठ. ब्याऐंशी.

"आपल्या निकडीची नोंद घेतली आहे," आवाज म्हणाला. "कृपया पुढच्या भागात बसावे."

डब्याच्या मधोमध काच सरकली. हेमांगी कशीबशी पुढे सरकली आणि डब्याचा तो पुढचा अर्धा भाग सुटा होऊन निघाला. मागे दोरोता काचेला हात लावून उभी राहिली होती, तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. पुलावर चढताना पुढचे डबे एकामागून एक बाजूला होऊ लागले. नव्वद. त्र्याण्णव. बाजूला केलेल्या डब्यांतली माणसं तिला क्षणभर दिसत आणि मागे पडत. एकात एक म्हातारा मांडीवर फुलं घेऊन अगदी स्वस्थ बसला होता. तो कुठे निघालाय, त्याला किती घाई आहे, कुणाला माहीत. हेमांगीनं मान वळवून त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांसमोर काजवे चमकत होते.

इस्पितळाच्या दारातच डबा थांबला. योहान धावत आला. त्यानं तिला दंडाला धरून लिफ्टमध्ये घातलं, एका लांब बोळातून नेलं. बोळाच्या टोकाला चाकांच्या खाटेवर शर्वरी होती. डोक्यावरचे केस काढलेले, चेहरा लहान मुलासारखा. खाट ढकलणारी दोन माणसं योहानच्या सांगण्यावरून थांबली होती, आणि आता फार थांबणार नाहीत हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

हेमांगीनं तिचा हात धरला. शर्वरीनं आधी त्या हाताकडे पाहिलं, मग आईच्या कपाळावरच्या घामाकडे.

"तुझा हात कापतोय, आई," ती म्हणाली. "तू घाबरलीयस."

जिभेखाली अजून ती कडू चव होती. हे त्या चकतीचं आहे, असं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आणि ते सांगितलं असतं तर या पोरीनं मान डोलावली असती, जशी ती नेहमी डोलावायची.

"हो शरू," हेमांगी म्हणाली. "फार घाबरलेय."

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती भरभर बोलू लागली, शब्द संपायच्या आत बोलावं तशी. "मला एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी तू रडली असतीस ना, तर मी फोन टाकून बाहेर पळाले असते. तू सांगत राहिलीस म्हणून मी बाबांजवळ थांबले. शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते मी. हे मला केव्हाच कळलं होतं, आई. सांगायचं राहून गेलं."

खाट हलली. हेमांगी दोन पावलं तिच्याबरोबर चालली. पुढे दार होतं, ते उघडलं आणि मिटलं. योहान काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. भिंत आडवी झाली आणि ती खाली बसली.

नर्सनी तिला उचललं तेव्हा तिची नाडी हाताला लागत नव्हती, इतकी वेडीवाकडी धावत होती. तिला खालच्या मजल्यावर नेऊन सलाइन लावलं, रक्त पातळ करणारं औषध दिलं. काय घेतलं होतं ते तिनं तिथे खरं सांगितलं. तरुण डॉक्टरनं मान हलवली. अशी माणसं त्यांच्याकडे रोज येत होती, मात्र तिच्या वयाची आणि ही असली गोळी आधीच चालू असलेली त्यानं पाहिली नव्हती. दुपारभर योहान दोन मजल्यांमध्ये जिने चढत-उतरत राहिला. ऊन उतरलं तसे हेमांगीचे ठोके ताळ्यावर आले. त्याच सुमारास वरून निरोप आला, की गाठ पूर्ण निघाली.

पहिले काही दिवस शर्वरी काहीच बोलली नाही. डोळे ओळखत होते, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग एका सकाळी तिनं खिडकीकडे बोट करून "ऊन" म्हटलं. योहाननं विचारलेलं तिला फारसं कळत नव्हतं. त्याची भाषा तिच्यातून जवळजवळ धुऊन निघाली होती. मराठी शब्द मात्र एकेक करून सापडत होते, मध्ये मोठमोठ्या जागा सोडून. योहान तिच्या उशाशी बसून हेमांगीकडून ते शब्द शिकू लागला. ऊन, पाणी, उशी, दुखतंय.

हेमांगीच्या मनाला मात्र एक टोचणी लागून राहिली होती. शर्वरीला थोडं बसता येऊ लागलं, त्या दुपारी योहान खाली जेवायला गेला असताना तिनं सांगून टाकलं. बोळात तू पाहिलंस ते थरथरणं माझं नव्हतं, एका चकतीचं होतं. यंत्राला फसवायला मी ती घेतली होती. घाबरले होते मी, पण ते नेहमीसारखं आत होतं, तुला दिसणारं नव्हतं. तू जे बघून समाधानानं आत गेलीस ते खरं नव्हतं, हे तुला कळायला हवं.

शर्वरी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला समजलंय की नाही, तेच हेमांगीला कळेना.

"तुला," शर्वरी म्हणाली. थांबली. पुढचा शब्द शोधताना तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तुला... चालत नाही. ती."

"नाही चालत."

"माहीत... होतं?"

"होतं," हेमांगी म्हणाली.

शर्वरीनं डोळे मिटले. मग हात लांब करून तिनं आईचं मनगट ओढून घेतलं, दोन बोटं टेकवली आणि नाडी शोधू लागली. ती सापडायला वेळ लागला. मोजणं तिला जमण्यासारखं नव्हतं, आकडे अजून तिच्याकडे परतले नव्हते. ती बोटं तशीच ठेवून पडून राहिली, आणि हेमांगीनं हात काढून घेतला नाही.